आधी एसी

दवाखान्याच्या आवारात करंजाच्या झाडाखाली मी गाडी लावली तेव्हा मांडीवर फोन वाजत होता, मागून एक रिक्षावाला हॉर्न मारत होता आणि यांच्या व्यायामाची वेळ टळून गेली होती. मे महिन्यातली अकोल्याची दुपार, त्यात सावलीची जागा मिळालेली, म्हणून रिक्षावाल्याकडे दुर्लक्ष करून मी गाडी आत घातली. घाईघाईत किल्ली फिरवली आणि फोन कानाला लावतच खाली उतरले.

"आई, पोचलात का?" माझी मुलगी ज्योत्स्ना नाशिकहून विचारत होती.

"पोचलो. मग करते फोन."

मागच्या सीटवरची यांची काठी काढायला मी दार उघडलं, तेवढ्यात पुढून धाडकन आवाज आला. पाहते तर हे डावा हात वळवून समोरच्या डॅशबोर्डवर आपटत होते. उजवा हात मांडीवर पडलेला, तसाच, निपचित. चेहरा लाल झालेला, ओठ एका बाजूला ओढलेला. वाटलं, दुसरा झटका आला.

"अहो, काय होते? काय होते तुमाले?"

"ए..." हे म्हणाले. हात पुन्हा आपटला. "ए... ए..."

आणि मग घशात अडकलेली सुपारी सुटावी तसा शब्द बाहेर पडला.

"एसी!"

मी वाकून पाहिलं. एसीचं बटण आत दाबलेलं, पंख्याची खुंटी तीनवर. मी तसंच सगळं चालू ठेवून इंजिन बंद केलं होतं.

पण माझं लक्ष बटणाकडे नव्हतंच. फेब्रुवारीतल्या त्या सकाळपासून या माणसाच्या तोंडून एकही शब्द निघाला नव्हता. मी काठी हातात धरून उन्हात उभी राहिले, आणि रिक्षावाला माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, चक्कर येते का?"

हे म्हणजे माझे यजमान, पुंडलिक गावंडे. वीज मंडळाच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते. सगळी नोकरी खटके पाडण्यात आणि चढवण्यात गेली. तिथली एक शिस्त त्यांच्या हाडात भिनली होती. "आधी लोड काढायचा, मंग मेन पाडायचा. उलटं केलं का ठिणगी उडते." हे घरातल्या मिक्सरलाही लागू, कूलरलाही, माझ्या इस्त्रीलाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही छोटी पांढरी गाडी घेतली आणि तिला एसी निघाला, मग तर काय, घरातच सबस्टेशन आलं.

घर दोन वळणांवर राहिलं की ते एसी बंद करत. नुसता पंखा फिरता ठेवत. "आतली जाळी ओली असते, तिले सुकू द्या लागते. नाहीतर वास मारते," असं दर वेळी सांगत, जणू मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. फाटकाशी आल्यावर पंखा बंद, आणि मग इंजिन. सुरू करतानाही असाच सोहळा. चारही दारं उघडायची, काचा खाली, आतली भट्टी बाहेर जाऊ द्यायची. मग इंजिन. त्याचा आवाज एकसारखा झाला की पंखा. गाडी चार पावलं चालली की एसी, मग काचा वर. तोवर आम्ही बायका पदर डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या. माझी धाकटी बहीण म्हणायची, "भाऊजी, आरती पण म्हणा म्हणजे झालं."

बोलायचेही फार. सकाळी पेपरातल्या निधनवार्ता मोठ्यानं वाचत आणि गेलेल्या माणसावर आपलं मत देत. "हा काऊन गेला बाप्पा? धडधाकट होता." टीव्हीवरच्या बातम्यांना उत्तरं देत. मी भाजी फोडणीला टाकली की दुसऱ्या खोलीतून, "मोहरी तडतडली नाही अजून."

गाडी मीही शिकले होते. ज्योत्स्नासोबत क्लास लावला, लायसन काढलं. पण मी चालवायला बसले की डावीकडून सुरू होई. "क्लच. क्लच सोड. हळू. अवं, आरसा पाहा ना. तो सायकलवाला तुले विचारून वळणार हाय का?" एकदा रेल्वेच्या पुलाखाली मी गाडी बाजूला घेतली, उतरले, गाडीला वळसा घालून त्यांच्या दाराशी गेले आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "घ्या. तुमीच चालवा." ते हसले. मी हसले नाही. त्यानंतर कित्येक वर्षं मी स्टिअरिंगला हात लावला नाही.

मग फेब्रुवारीत ते अंगणात दात घासता घासता खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाय हळूहळू काठीच्या आधारानं उचलू लागला, पण बोलणं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतं, सगळं ऐकू येतं, आतून शब्द तेवढा सापडत नाही. पहिले काही महिने महत्त्वाचे. त्यात जे परत येईल ते येईल.

रोज रिक्षातून नेणं-आणणं त्यांना झेपेना, म्हणून गाडी मीच काढली. पहिल्या दिवशी फाटकातून बाहेर काढतानाच मी क्लच चुकीचा सोडला. गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा फाटकाचा लोखंडी पट्टा मागच्या दाराला खरकन घासत गेला. मी डोळे मिटून घेतले आणि वाट पाहिली.

डावीकडून काहीच आलं नाही.

मी वळून पाहिलं. हे काचेबाहेर शेजाऱ्यांच्या भिंतीकडे पाहत बसले होते.

म्हणून त्या दुपारी 'एसी' ऐकलं तेव्हा मी यांना जवळजवळ ओढतच आत नेलं. वाचेचे व्यायाम घेणारी नाझनीन तरुण होती, शांत आणि चिकाटीची. तिच्याकडे चित्रांचे पत्ते असत. गाय, पेला, छत्री, कुलूप. पहिल्या आठवड्यात यांनी घाम फुटेस्तोवर प्रयत्न केला होता. नंतर एक दिवस हातानं सगळे पत्ते टेबलावरून खाली लोटले आणि तेव्हापासून पत्ते दिसले की डोळे मिटून घ्यायचे.

"नाझनीन, हे बोलले! आत्ता, गाडीत. एसी म्हणाले!"

तिचे डोळे चमकले. "काका? काय म्हणालात? पुन्हा म्हणा बरं."

हे गप्प.

"अहो, म्हणा ना. एसी. ए... सी..."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला लाज वाटली. मग डोळे मिटले.

नाझनीननं मला दाराशी नेलं. "काकू, असं होतं. मागितलेला शब्द येत नाही. राग आला, ठेच लागली, काही अचानक झालं की एखादा शब्द आपोआप निसटतो. देवाचं नाव निघतं, शिवी निघते. त्यांचा एसी निघाला. चांगली खूण आहे ही. पण मागू नका."

दुसऱ्या दिवशी मी सगळं बरोबर केलं. दवाखान्याच्या अलीकडच्या वळणावर एसी बंद, पंखा चालू, मग पंखा बंद, मग इंजिन. हे काठी टेकत उतरले. काही नाही. घरी आलो. काही नाही. दुपारभर वरचा पंखा फिरत होता तेवढाच आवाज. मी मुद्दाम मोहरी न तडतडताच भाजी टाकली. काही नाही. पेपर त्यांच्या मांडीवर ठेवला, निधनवार्तांचं पान वर करून. त्यांनी घडी घालून बाजूला ठेवला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून परतलो. फाटकासमोर गाडी उभी केली. माझा हात बटणापर्यंत गेला. तिथंच थांबला. मग मी तो मागे घेतला आणि किल्ली फिरवली.

थंड हवा बंद झाली. गाडीत शांतता. मी समोर पाहत राहिले. डोक्यातून घामाचा ओघळ मानेवर उतरला.

धाड. "एसी!"

"काय म्हटलं?"

"एसी! एसी!"

"हो हो. चुकलंच माझं."

मी काठी उचलायच्या निमित्तानं मागे वळले आणि तिथंच सीटच्या मागे तोंड लपवून रडले. त्यांचाच आवाज होता. घोगरा, अर्ध्या तोंडातून आलेला, पण सूर तोच. मोहरी तडतडली नाही म्हणणारा.

त्या दिवसापासून मला वेड लागलं म्हणा. कोथिंबीर आणायला गाडी. दळण न्यायला गाडी. ज्या देवळात पायी जायला चार मिनिटं लागत नाहीत तिथं गाडी. गोरक्षण रोडनं जायचं, जठारपेठेतून यायचं, आणि वाटेत कुठं ना कुठं थांबायचं. थांबलं की एसी तसाच ठेवून किल्ली फिरवायची. आणि कान देऊन बसायचं. मग मी सुरू करतानाही चुका करू लागले. रणरणत्या उन्हात तापलेल्या गाडीत काचा बंद ठेवून बसायचं आणि एसी चालू ठेवूनच इंजिन सुरू करायचं. एके दिवशी तिथं दुसरा शब्द मिळाला. "काच!" मग काही दिवसांनी तिसरा, आणि तो पहिल्याला जोडून. "आधी एसी!"

आधी एसी. दोन शब्दांचं वाक्य. लेकरू पहिल्यांदा चाललं की बाई अंगणभर सांगत सुटते तसं मला झालं होतं, पण सांगणार कुणाला? गाडीला आतून ओल्या पोत्यासारखा वास येऊ लागला होता, सकाळी इंजिन कुरकुर करत सुरू व्हायचं. मी तो वास छातीभर घ्यायची.

नाझनीन म्हणाली, "काकू, काकांच्या गळ्यातून आता आवाज निघतोय. पत्ते बघतात, ओठ हलवतात. काय करता तुम्ही घरी?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "गाडीतून फिरवून आणते जरा."

जूनच्या सुरुवातीला ज्योत्स्ना आली. ती आमची एकुलती एक, नाशिकला संसार. स्वभावानं बापासारखी, काम घेतलं की तडीस नेणारी. तिनं सगळं ठरवून आणलं होतं. आम्ही दोघांनी नाशिकला तिच्याकडे राहायला जायचं. तिथं लिफ्ट होती, मोठा दवाखाना होता, ती जवळ होती. घराला कुलूप लावायचं. गाडी तिच्या वाशीमच्या दिरानं मागितली होती, तो रविवारी येऊन घेऊन जाणार होता.

"तुझ्यानं एकटीनं होणार नाही, आई," ती म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती आमच्यासोबत गाडीत बसली, मागच्या सीटवर. औषधाच्या दुकानासमोर मी गाडी लावली. ती मागे आहे, आज नको, असं मी वाटभर मनाला बजावत होते. पण सकाळपासून हे एक अक्षर बोलले नव्हते. माझा हात बटणापर्यंत गेला आणि परत आला. मी किल्ली फिरवली.

त्या दिवशी यांचा पारा चढला तसा कधी चढला नव्हता. "आधी!" ते ओरडले. "आधी एसी! आधी! आधी!" हात इतक्या जोरानं आपटला की पुढची गणपतीची मूर्ती घरंगळून खाली पडली. मानेच्या शिरा फुगल्या. दुकानातली माणसं वळून पाहू लागली. ज्योत्स्ना मागून पुढे झेपावली, "बाबा, बाबा, शांत व्हा," म्हणत त्यांचे खांदे धरू लागली.

घरी येताच तिनं यंत्र काढून त्यांचं बीपी मोजलं. मग पुन्हा मोजलं. त्यांना निजवलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात आली. मी तुरीच्या डाळीतले खडे वेचत होते.

"आई, तू विसरली नव्हतीस."

मी मान वर केली नाही.

"मी मागून सीटांच्या मधून बघत होते. तू हात बटणापाशी नेलास आणि मागे घेतलास. तुला माहीत होतं ते चिडणार."

"बोलले ना पण. ऐकलं ना तू? आधी एसी म्हणाले."

"बीपी किती झालं होतं माहितीय? डॉक्टरांनी काय सांगितलंय? पुन्हा झटका आला तर काय करशील?" तिचा आवाज फुटला. "रोज करतेस का हे?"

"त्यांना बोलतं करते मी."

"त्यांना राग येतो, आई. ज्या माणसाला धड पाणी मागता येत नाही त्याला तू मुद्दाम चिडवतेस." मग हळू विचारलं, "हे बाबांसाठी चाललंय, का तुझ्यासाठी?"

मी खडे वेचत राहिले. डाळीत खडे फार नव्हतेच.

त्या संध्याकाळपासून मी बंद केलं. वळणावर एसी बंद, मग पंखा, मग इंजिन. जाळी सुकवत होते. गाडीचा वास कमी झाला. हे उतरायच्या आधी एक क्षण माझ्याकडे पाहायचे, मग दुसरीकडे बघायचे. मला वाटलं, सुटले बिचारे. त्यांचं बीपी जागेवर आलं. ज्योत्स्नानं त्यांचे कपडे बॅगेत भरले. घरात पुन्हा तोच वरच्या पंख्याचा आवाज. मी भाजी फोडणीला टाकताना दुसऱ्या खोलीकडे कान लावायची आणि मग आपलाच राग यायचा.

शनिवारी उन्हं उतरल्यावर मी ज्योत्स्नाला म्हटलं, "उद्या गाडी जाणार. एक चक्कर मारून आणते यांना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "चिडवू नकोस."

"नाही."

आम्ही पातूर रोडनं निघालो. वस्ती संपली, दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं लागली. आभाळ लांबवर गढूळलं होतं, पण पावसाचा पत्ता नव्हता. हे खिडकीतून पाहत होते. मी बोलत होते, उगाच, काहीबाही. नाशिकला हवा छान असते म्हटलं. ज्योत्स्नाचं घर पाचव्या मजल्यावर आहे, वरून सगळं दिसतं म्हटलं. तुम्हाला तिथं करमेल म्हटलं. माझं एकटीचंच बोलणं गाडीभर फिरून माझ्याकडे परत येत होतं.

एका चिंचेखाली रसवंती होती. उसाचा चरक थांबलेला, बाकडी रिकामी. तिथं थांबायचं ठरवलं. बऱ्याच अलीकडे मी एसी बंद केला. पंखा फिरू दिला. झाडाखाली गाडी उभी केली, पंखा बंद केला, आणि मग किल्ली फिरवली. कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती.

"रस घेता का?" मी विचारलं.

मी दाराच्या कडीला हात घातला, तेवढ्यात डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला काहीतरी हलताना दिसलं.

त्यांचा डावा हात होता. अंग थोडं वळवून, निपचित उजव्या हातावरून तो हळूहळू माझ्या बाजूला येत होता. मधल्या बटणांपाशी आला. अंगठा एकदा घसरला. दुसऱ्यांदा त्यांनी नेम धरून दाबलं आणि एसीचं बटण टक्क करून आत गेलं. मग त्यांनी पंख्याची खुंटी धरली आणि फिरवली. तीनवर.

गाडी तर बंद होती. काही झालं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॅशबोर्डवर दोन बोटं वाजवली, हळूच, शेजारणीच्या दारावर वाजवावं तशी.

"एसी," ते म्हणाले.

रागाचा लवलेश नव्हता. ओठाची चांगली बाजू वर गेली होती.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चाळीस वर्षं खटक्यांकडे पाहून कुठं काय चाललंय ते ओळखणारा माणूस होता तो. माझा हात बटणापर्यंत जातो आणि परत येतो, हे शेजारी बसून त्यांना दिसलं नसेल?

"तुमाले माहीत होतं?"

त्यांनी बोटं वाजवली.

"मी मुद्दाम करते, हे माहीत होतं तुमाले?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. डोळे भरून आले होते, पण नजर हलवली नाही.

"कवापासून?"

त्यांचा जबडा हलला. शब्द आत शोधत होते हे मला दिसत होतं, कपाळावर घाम आला. मी काही सुचवलं नाही, काही मागितलं नाही. थांबले.

"आधी," ते म्हणाले. "आधी... आधी."

पुढचं सांगून टाकते. आम्ही नाशिकला गेलो नाही. त्या रात्री ज्योत्स्नाशी माझं भांडण झालं, ती रडली, मी रडले, आणि सकाळी तिनंच दिराला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. हे त्यानंतर चार वर्षं होते. शब्द फार आले नाहीत. बोटांवर मोजावे एवढे. त्यातला 'एसी' मात्र गाडीतून घरात आला. पाणी हवं असलं तरी एसी, चादर हवी तरी एसी, मला आतल्या खोलीतून हाक मारायची तरी एसी. परका माणूस चक्रावून जायचा. मला सूर कळायचे. तहानेचा वेगळा, कंटाळ्याचा वेगळा. ज्योत्स्नालाही पुढे पुढे कळू लागले. फोनवर बाप-लेक पाच-पाच मिनिटं बोलायचे. सगळाच राग खोटा नव्हता, हेही मला माहीत आहे. औषधाच्या दुकानासमोर ते खरोखर संतापले होते. का, ते मी कधी विचारलं नाही. गाडीत मागे मुलगी बसलेली असताना मी तो शब्द त्यांच्याकडून वदवून घेतला, म्हणून असेल. आता ते जाऊन इतकी वर्षं झाली. घरात माणसं येतात, बोलतात, टीव्ही चालू असतो, आणि तरी कधी कधी मी दुसऱ्या खोलीकडे कान लावून उभी असते.

पण त्या संध्याकाळी ते होते. चिंचेखाली, माझ्या डाव्या हाताला.

मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि थंड हवा तोंडावर आली. मी बंद केलं. "एसी," ते म्हणाले. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. "आधी एसी." मी म्हटलं, "तुमी मले पुलाखाली हसला होता, आठवते?" आणि किल्ली फिरवली. ते हसले. खांदे हलले. "काच," ते म्हणाले, आणि मी काच खाली केली, तर म्हणाले, "एसी," आणि मी काच वर केली. किती वेळ असं चाललं कोण जाणे. शेतांवरचा उजेड तांबडा झाला होता.

रसवंतीवाला मघापासून पाहत असावा. खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसत तो आला आणि माझ्या काचेवर वाकला.

"बाई, घडीघडी चालू करता, बंद करता. गाडी बिघडली का? बॅटरी उतरली असन तर धक्का मारून देतो."

मी यांच्याकडे पाहिलं. त्यांनी त्याच्याकडे पाहून मोठ्या अदबीनं मान हलवली.

"नाही बापू," मी म्हटलं. "आमी बोलून राह्यलो."